लाडवाच्या डब्यातून गेलेली कीड

"मीठ दोन-दोनदा टाकतात, आन् वर मलाच विचारतात, मी टाकलं का गं?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. त्या हळू बोलत होत्या, म्हणजे त्यांच्या मते हळू. मी बाहेरच्या खोलीत सरांच्या काचेच्या टाकीसमोर गुडघे टेकून बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि हातात चिमटा.

"म्हणून तर म्हणतोय," त्यांचा मुलगा म्हणाला. "रविवारी माझा मित्र येऊन घेऊन जाईल टाकी. हॉटेलात ठेवतो म्हणालाय. साधे गोड्या पाण्यातले मासे सोडेल."

"लई जीव लावलाय रे त्यांनी."

"जीव लावून काय उपयोग? सगळं मरतंय आतमध्ये. बाबांना आता झेपत नाही, आई. आज मीठ विसरतात, उद्या गॅस चालू ठेवतील."

मी हलले नाही. जिच्यामुळे सगळं मरत होतं, ती चिमट्याच्या टोकापासून बोटभर अंतरावर बसली होती. आणि ती माझ्या घरून आली होती.

हे सर मला नगरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते आणि काकू कोपरगावला मुलाकडे राहायला गेले. आमच्या इंग्रजी शाळेत न बोलणाऱ्या मुलीला एक तर सगळे सोडून द्यायचे, नाहीतर मुद्दाम फळ्यापाशी उभं करायचे. सरांनी दोन्ही केलं नाही. मधल्या सुट्टीत ते प्रयोगशाळेतली माशांची टाकी माझ्या ताब्यात देत आणि स्वतः वह्या तपासत बसत. आम्हा दोघांनाही बोलावं लागत नसे. समुद्राचं पाणी घरी कसं करायचं, ते मी तिथेच शिकले. आरओचं पाणी, त्यात घालायचं खास मीठ, आणि क्षार मोजायचा छोट्या दुर्बिणीसारखा मीटर. आता माझ्याकडे सावेडीच्या घरात दीड फुटाची टाकी आहे, सरांकडे दोन फुटांची. दोन्हींत मुख्यतः झोआ. प्रवाळाच्या नात्यातलाच हा जीव. शर्टाच्या बटणाएवढी गोल तोंडं, कडेने बारीक झालर, दगडावर दाटीने वाढतात, दिवे लागले की उघडतात.

माझ्या टाकीतल्या केशरी झोआ उघडेनाशा झाल्या तेव्हा मी आधी पाण्यावर संशय घेतला. मग एका दुपारी भिंग लावून बघत असताना त्यातलं एक बटण चालायला लागलं.

झोआ चालत नाहीत.

ती बिनशंखाची गोगलगाय होती. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. पाठीवर झोआच्या झालरीसारखेच मऊ केस, आणि त्यांना तोच केशरी रंग. ज्याला खाते त्याचाच रंग ती अंगावर चढवते. नुसती खात असती तर मला एवढी किळस आली नसती. पण माझ्या झोआ गिळून, त्यांचाच वेष करून ती त्यांच्याच रांगेत बसली होती, आणि मी आठवडाभर तिच्याकडे बघून "ही एक तरी बरी दिसतेय" असं मनात म्हणत होते.

मी हातमोजे चढवले, कारण झोआ दुखावल्या की विष सोडतात, आणि दगड उचलून मोठ्या कपातल्या आयोडीनच्या औषधात बुडवला. मिनिटाभरात गोगलगायी गळून पडायला लागल्या. एक, मग चार, मग मी मोजणं सोडलं. कपाच्या तळाशी त्या गुंडाळ्या करत, उलट्या होत पडल्या होत्या. खालची बाजू फिकट, ओलसर, जिभेसारखी. दगडाच्या मागच्या अंगाला अंडी होती. पांढुरका चिकट धागा, वेटोळं घालून चिकटवलेला. औषधाने मोठ्या मरतात, अंडी मरत नाहीत. ती नखाने खरवडावी लागतात. मोज्यातूनही ती बुळबुळीत लागली. त्या आठवड्यात आईने शेवयांची खीर केली होती. वाटी बघूनच मी पानावरून उठले.

"आता खिरीचं काय वाकडं?" आई म्हणाली. मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

हात तीनदा धुतले, तरी वास जाईना. आणि तिसऱ्यांदा साबण लावताना मला डबा आठवला.

त्याच्या महिनाभर आधी सर आणि काकू आमच्याकडे आले होते. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नगरला झालं होतं, त्याच्या तपासणीसाठी. काकूंनी प्लास्टिकच्या डब्यातून बेसनाचे लाडू आणले होते. निघायच्या वेळी आईने डबा धुऊन माझ्या हातात दिला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "रिकामा देऊ नकोस. काहीतरी घाल." अशा वेळी आमच्याकडे मूठभर साखर घालतात. पण सर माझ्या टाकीसमोर उभे होते, काळा चष्मा कपाळावर चढवून, केशरी झोआंकडे बघत. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी दगडाचा एक तुकडा काढला, डब्यात टाकीतलं पाणी भरलं, तुकडा त्यात सोडला आणि झाकण घट्ट लावलं.

"अगं, हे काय," सर म्हणाले. "ही तुझी सगळ्यात चांगली."

"असू दे," मी म्हणाले.

दुसरीकडून आलेला तुकडा औषधात बुडवल्याशिवाय टाकीत सोडायचा नाही, हे मला सरांनीच शिकवलेलं. माझा तुकडा त्यांनी तसाच सोडला असणार. माझ्याकडचा होता ना.

मला कळलं त्याच दिवशी मी सांगायला हवं होतं. मी मोबाईलवर मेसेज लिहिला आणि पुसला. दुसऱ्या दिवशी जरा लहान लिहिला, तोही पुसला. कदाचित त्या तुकड्यावर काहीच नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. असे तीन आठवडे गेले. मग सरांचाच फोन आला. ते म्हणाले, "सगळं मिटत चाललंय गं. काय चुकतंय कळत नाही. जमलं तर ये एकदा." मी येते म्हणाले, आणि तेव्हाही सांगितलं नाही. पर्समध्ये चिमटा, औषधाची बाटली आणि जुना टूथब्रश घालून कोपरगावची एसटी पकडली. सर दुपारी झोपतात. त्या वेळात गुपचूप सगळं वेचून काढायचं, असा माझा बेत होता. मग कुणाला काही सांगायची गरज उरणार नव्हती.

सरांच्या टाकीच्या कडेला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर मोठ्या, थरथरत्या अक्षरात वार लिहिलेले आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. पाणी बघितलं. दिवा लावला. खायला घातलं. मंगळवारी एकाच कामापुढे दोन खुणा होत्या आणि त्यातली एक खोडलेली. मी आल्या आल्या मीटर लावला होता. क्षार अगदी बरोबर होते. सरांनी मीठ दोनदा टाकलेलं नव्हतं.

टाकीत मात्र बघवत नव्हतं. मी दिलेल्या तुकड्यावर एकही झोआ शिल्लक नव्हती, नुसते कुरतडलेले देठ. शेजारच्या दगडावरची हिरवी वसाहत अर्धी गेली होती आणि तिथे त्या गोगलगायी हिरव्या झाल्या होत्या. माझ्या घरी केशरी, इथे हिरव्या. जणू इथल्याच. घाईत मी हातमोजे घरीच विसरले होते. उघड्या बोटांनी दगड किंचित वाकवला तेव्हा मागे ती पांढरी वेटोळी दिसली, एकावर एक.

तेवढ्यात तो स्वयंपाकघरातला संवाद कानावर पडला.

मी चिमटा पुढे नेला आणि तिला उचललं. ती आक्रसली, पण तुटली नाही. हात पाण्याबाहेर काढला, डाव्या तळव्यावर तिला ठेवलं आणि बाटलीचं झाकण उघडायला गेले, तर काकू चहा घेऊन आल्या.

"काय गं, हात घातलास का त्यात? वास येतो बाई त्याला. आन् काय मिळालं?"

"काही नाही," मी म्हणाले आणि मूठ मिटली.

मुठीत ती फुटली. थंड, चिकट काहीतरी बोटांच्या फटीत पसरलं. उजव्या हाताने मी कप धरला. काकू समोर बसल्या, आत्ता बोललेलं मी ऐकलं असेल का, हे माझ्या चेहऱ्यावर शोधत. मी चहाचा एक घोट घेतला. तो गिळणं त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं.

सर उठून आले. चष्मा पुसत टाकीसमोर वाकले, पण त्यांना काही दिसत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांच्या मागोमाग मुलगा आला.

"बाबा, रविवारचं मी सांगितलंय त्याला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुम्हालाच त्रास कमी."

"हो," सर म्हणाले. "ने म्हणावं."

"असं तोंड पाडू नका आता," काकू म्हणाल्या. "कुंड्या लावा गच्चीवर. झाडाला पाणी जास्त झालं तर ते मरत न्हाई लगेच."

सर हसले. मग माझ्याकडे वळून, फळ्यावरची चुकलेली आकृती पुसावी तसे म्हणाले, "तुझा तुकडाही मी मारला बघ. एवढा चांगला दिलेलास. हल्ली मीठ टाकलं की नाही, माझं मलाच आठवत नाही. लिहून ठेवतो, तर लिहिलं कधी तेही आठवत नाही."

आणि ते टाकीवरचा कागद काढू लागले. एक कोपरा निघाला, दुसरा निघेना, म्हणून ते नखाने खरवडत राहिले.

मुठीत ती अजून चिकटलेली होती. तळहात चुरचुरायला लागला होता. या क्षणी गप्प राहिले असते तर कुणालाच कधी कळलं नसतं. टाकी हॉटेलात गेली असती, गोड्या पाण्यात त्या सगळ्या गोगलगायी मेल्या असत्या, आणि आपलं डोकं चालेनासं झालंय हे सरांनी कायमचं मान्य केलं असतं. त्या गोगलगायीइतकीच मला माझी किळस आली. तीही रंग बदलून गप्प बसते, आणि कुणी बघेपर्यंत सुखाने खात राहते.

मी कप खाली ठेवला. मूठ उघडून हात सरांच्या डोळ्यांजवळ नेला, त्यांना दिसेल इतका जवळ. काकू "ई, शी!" करून मागे सरकल्या.

"सर, तुम्ही काही विसरला नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, निघालेला मुलगाही दारात थांबला. "मीठ बरोबर आहे, मी मोजलंय. झोआ ही खाते. मी दिलेल्या तुकड्यावर होती, आणि मला हे तीन आठवड्यांपासून माहीत होतं."