शुक्रवारचं गिऱ्हाईक

दोहाच्या नजमा भागातल्या आमच्या खोलीचा कायदा असा आहे: पलंग तुझा, पलंगाखालची जागा तुझी आणि पलंगाच्या लांबीएवढी भिंत तुझी. बाकीची खोली तिघांची, म्हणजे कुणाचीच नाही. या कायद्यावर आम्ही तिघं गुण्यागोविंदाने राहतो. मी शिवराज, लातूरकडचा, इमारतींमध्ये एसीचे डक्ट बसवतो. धोंडीराम कोल्हापूरकडचा, क्रेन चालवतो. मच्छिंद्र सिन्नरचा, शाळेची बस चालवतो. आमच्यात भांडण झालंच तर मच्छिंद्रच्या गिटारवरून व्हायचं, आणि ती गिटार खोलीत नव्हतीच. ती दुकानात होती.

मच्छिंद्र चाळिशी ओलांडलेला, शांत, थोडं पोट सुटलेला माणूस. तरुणपणी त्याच्या गावच्या जत्रेत एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातला गिटारवाला डोळे मिटून वाजवत होता. पुढे बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारून रान उठवलं, तरी त्याने डोळे उघडले नाहीत. एवढंच याच्या मनात राहून गेलं. दोहाला आल्यावर मोबाइलवर बघून आणि दुकानातल्या गिटारवर बोटं फिरवून तो थोडंफार शिकला. घ्यायची मात्र कधी घेतली नाही. नुसती बघितली, दर शुक्रवारी.

शुक्रवारी आम्ही बाकीचे बनियनवर लोळणारी माणसं. हा मात्र जेवण झालं की इस्त्रीचा निळा शर्ट चढवायचा. शर्ट बुधवारीच लाँड्रीत पडलेला असायचा. केसांना पाणी लावायचं, नमाज सुटून दुकानं उघडेपर्यंत पलंगावर ताठ बसून राहायचं आणि मग निघायचं. मागच्या गल्लीत वाद्यांचं दुकान आहे. तिथे इकबाल नावाचा हैदराबादचा माणूस असतो. तो याला स्टूल द्यायचा आणि भिंतीवरची तपकिरी गिटार काढून हातात ठेवायचा. मच्छिंद्र ती इतकी हळू वाजवायचा की शेजारच्या स्टुलावरच्यालाही ऐकू जाऊ नये. मग अ‍ॅम्प्लिफायर बघायचा, पायाने दाबायची पेडलं बघायचा, तारा, पट्टे, स्टँड, सगळं सगळं. सगळं पसंत करून झालं की इकबालचे ‘शुक्रन’ म्हणून आभार मानायचे, कोपऱ्यावर करक चहा घ्यायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचं.

आणि परत आल्यावर आम्हाला त्याचं कीर्तन. माझं डोकं फिरायचं ते इथे. एकदा तो म्हणाला, "शिवराज, माझ्या पलंगाखाली बॅग हाये. तो अ‍ॅम्प्लिफायर तुझ्या पलंगाखाली ठेवला तर चालेल ना?"

"माझ्या? हितं माझी हत्यारं हायत. मी कुठं ठेवू, डोक्यावर?"

"छोटाच हाये रे." त्याने हाताने आकार दाखवला.

"एवढा बी नाही जमणार!"

शब्दाने शब्द वाढला आणि आमचा अबोला झाला, तोही चांगला बऱ्याच दिवसांचा. शेवटी धोंडीराम चपात्या लाटता लाटता वैतागून म्हणाला, "बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी! आधी घरात आणा की रं, मग भांडा."

आता आमच्या वाढदिवसाचं सांगायला हवं. आम्हा तिघांचाही वाढदिवस एक जूनला. आमच्या आयांना विचाराल तर कुणी पोळ्याला जन्मला, कुणी ऐन दिवाळीत. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून ठोकून दिला आणि तोच पुढे पासपोर्टावर चढला. आमच्याकडच्या गावागावांतून अशी माणसं पडली आहेत. त्यामुळे खोलीत केक एकच येतो आणि भेटही एकालाच, पाळीपाळीने, दोघांनी मिळून तिसऱ्याला. गेल्या वर्षी धोंडीरामला चाकांची मोठी बॅग दिली. ती त्याने बायकोने सांगितलेल्या सामानानेच भरून गावी नेली. यंदा पाळी मच्छिंद्रची होती आणि पुढच्या वर्षी माझी.

मच्छिंद्रला काय द्यायचं हे विचारायची गरजच नव्हती. तो बसवर गेलेला असताना मी आणि धोंडीराम इकबालकडे गेलो आणि ती तपकिरी गिटार मागितली. मच्छिंद्रसाठी आहे म्हटल्यावर इकबालचा हात भिंतीवरच थांबला.

"उनको साथ लाते तो अच्छा था, भाई. ख़ुद पसंद करते."

"अरे, पसंद तो कब से कर रहा है!" धोंडीराम म्हणाला. "आज खलास करो."

इकबालने गिटार काढली, फडक्याने पुसली, पण तोंडावर विकणाऱ्याचा आनंद काही दिसेना. बाहेर पडल्यावर मी म्हणालोही, की याला दुसरी महागाची गळ्यात मारायची असेल. शहाणा तो होता आणि दीडशहाणे आम्ही, पण हे तेव्हा कुठे कळतंय?

एक जूनच्या संध्याकाळी केक कापला आणि मच्छिंद्रच्या पलंगावरची चादर ओढली. खाली गिटार. त्याने हात लुंगीला पुसले, मग पुन्हा पुसले. तिला हात लावला आणि ढसाढसा रडायला लागला. धोंडीरामचेही डोळे भरले आणि माझेही, खोटं का बोला. मग तो वाजवायला बसला. खरं सांगायचं तर बेताचंच वाजवतो. पण आम्ही शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या, आणि त्याने डोळे उघडले नाहीत. त्याच्या वाट्याच्या भिंतीत मीच खिळा ठोकून दिला. इतकं चांगलं काम आपल्या हातून फार दिवसांनी झालं, असं मला वाटत होतं.

त्यानंतरचा पहिला शुक्रवार आला. जेवणं झाली. मच्छिंद्रने सवयीने निळा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं आणि पलंगावर बसला. नमाज सुटली, गल्लीतली शटरं वर गेली, तरी हा बसूनच. डोक्यावर गिटार टांगलेली आणि हा समोरच्या भिंतीकडे बघतोय. धोंडीराम घोरत पडला होता. मला काही राहवेना.

"अरे, हितं काय करूलालास? जा की."

"कुठं जाऊ? गिटार तर आली."

"मग वाजीव!"

"वाजवतो रोज. पण आता दुकानात काय म्हणून जायचं? गिऱ्हाईक नाय राह्यलो मी." त्याने शर्टाची बाही सारखी केली. "राग मानू नको शिवराज. तुम्ही लई मोठं केलंत माझ्यासाठी. पण तिथं तो इकबाल मला विचारायचा, क्या दिखाऊँ साहब? आठवडाभर मला कोण विचारतं? सगळे सांगतात. बस इथं लाव, तिथून काढ, उशीर का झाला. घरून फोन आला की बायको सांगते, येताना हे आणा, ते आणा. तिचं काय चुकतं? पण मला काय पायजे, हे त्या एका स्टुलावर बसल्यावरच कळायचं. आता तेबी गेलं."

आम्ही त्याला लाकडाची गिटार आणून दिली होती आणि त्याचा शुक्रवार मात्र दुकानाच्या भिंतीवरून काढून घेतला होता. वाईट तर वाटत होतंच, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी उठलो, खाली वाकलो आणि माझ्या पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढून दाराशी नेऊन ठेवली.

"ही घे. जागा झाली."

"कशाला?"

"अ‍ॅम्प्लिफायरला! नुसत्या गिटारला कोण विचारतंय? ऊठ. यल्ला, चल."

तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्या रिकाम्या जागेकडे. मग हसला. हा माणूस हसला की त्याच्या सगळ्या तोंडाला सुरकुत्या पडतात. मी अंगातल्या बनियनवर दोरीवरचा कामाचा शर्ट चढवला, आणि भर उन्हात आम्ही दोघं भिंतींच्या सावलीसावलीने दुकानात गेलो.

आम्हाला बघून इकबाल उठलाच. "आइए मच्छिंद्रभाई! क्या दिखाऊँ?" मच्छिंद्र ताठ झाला. म्हणाला, अ‍ॅम्प्लिफायर दाखवा, पण घाई नाही, नीट बघू. इकबालही काही घाईत नव्हता. एकेक खाली उतरला, एकेकाची बटणं फिरवून झाली, एक फार मोठा निघाला, एकाचा रंग याला पटेना. मी दाराशी उभा राहून एसीचा वारा खात होतो. मनात म्हटलं, आता वर्षभराची निश्चिंती झाली.

एवढ्यात इकबालने दुसरं स्टूल आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"और आपको, साहब? आपको क्या दिखाऊँ?"

मी बसलो. भिंतीवर कायकाय होतं: बासऱ्या, ढोलक्या, माऊथ ऑर्गन, नावंही माहीत नसलेल्या वस्तू. मला आजवर जे लागलं ते सगळं कुणी ना कुणी सांगितलेलं होतं.

"मालूम नहीं," मी म्हणालो.

"कोई बात नहीं," इकबाल म्हणाला. "सोचके बताइए. हम तो हर शुक्रवार यहीं हैं."

मी विचार करत होतो. डक्ट बसवताना करत होतो, जेवताना करत होतो. अजून काही ठरलं नव्हतं. पण बुधवारी मच्छिंद्र लाँड्रीत निघाला तेव्हा त्याला हाक मारून थांबवलं, आणि त्याच्या निळ्या शर्टावर माझाही एक शर्ट ठेवला.