साडूंचं नख आणि मनूचा लॅपटॉप

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू चुकीची विकत घेतलेली नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. त्यांनी फारशा वस्तू विकतच घेतलेल्या नाहीत. त्यांच्या सरावलीच्या घरात मिक्सर आला तोपर्यंत शेजारणीचे दोन मिक्सर जळून झाले होते. पंखा कुठला घ्यावा याचा विचार सुरू झाला तेव्हा उन्हाळा होता, आणि पंखा प्रत्यक्ष फिरायला लागला तेव्हा घरातली माणसं गोधड्या पांघरून बसली होती. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, सांगते की मुलगी पसंत असल्याचं कळवायलाही यांनी सात महिने घेतले, आणि तेसुद्धा तिच्या वडिलांनी दुसरं स्थळ बघायला घेतल्याची कुणकुण लागली म्हणून. यावर साडू शांतपणे विचारतात, "पण निवड चुकली का? सांग ना, चुकली का?" आणि ताई बिचारी पदराला हात पुसत आत निघून जाते.

हा स्वभाव त्यांच्यात दोन ठिकाणांहून आला असावा. एक म्हणजे कचेरी. तलासरीच्या एका सरकारी कचेरीत ते खरेदीच्या टेबलावर होते, आणि तीन दरपत्रकं आल्याशिवाय तिथे टाचणीसुद्धा विकत घेतली जात नसे. मग त्या तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करायचा, त्यावर शेरा घ्यायचा, शेऱ्यावर खुलासा द्यायचा. ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की बाजारात कोथिंबीर घ्यायची तरी ते तीन गाड्यांवर भाव विचारत, आणि चौथ्या गाडीवर तिसऱ्याची तक्रार करत. दुसरं ठिकाण म्हणजे घरामागची चिकूची वाडी. झाडं असतील तीसेक, पण साडूंचा जीव त्यांच्यात. चिकू तयार झाला की नाही हे रंगावरून कळत नाही, म्हणून आमच्याकडे नख लावून बघतात. सालीवर जरासं खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर काढायला हरकत नाही. साडूंच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यासाठी कायम वाढवलेलं असे, आणि हळूहळू ते सगळ्याच वस्तूंना लावायला लागले. बूट, छत्री, स्टीलचा डबा, लग्नपत्रिकेचा कागद, सगळ्याला नख. माझ्या धाकट्या मेहुणीला बघायला आलेल्या मुलाच्या स्कूटरवरही त्यांनी जाता जाता नख ओढलं होतं. स्थळ जमलं, पण स्कूटरवरचा ओरखडा कुणी केला हे त्या घरात अजून कळलेलं नाही.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीला, आमच्या मनूला, २०१४ साली मुंबईच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. पोरगी हुशार. लहानपणी वाळूत घरं सगळीच मुलं करतात, हिच्या घराला संडास आणि पाण्याची टाकीसुद्धा असे. पहिल्या वर्षी सगळं काम हातानं, बोर्डावर कागद चिकटवून. पण कॉलेजनं सांगितलंच होतं की दुसऱ्या वर्षापासून लॅपटॉप लागेल, आणि साधासुधा चालेलच असं नाही, मोठी ड्रॉइंग्ज उघडायची असतात. साडूंनी मला बरोबर घेऊन डहाणू रोडच्या दुकानात चौकशी केली. एक लॅपटॉप होता परवडणारा आणि दुसरा त्याच्या अडीचपट किमतीचा. दोन्ही उघडले की सारखेच दिसत. साडूंनी चष्मा पुसला आणि पुढची पाच वर्षं जो प्रश्न आमच्या कुटुंबावर छत्रीसारखा उघडा राहिला तो तिथे पहिल्यांदा विचारला, "जास्तीचे पैसे कशाचे?"

दुकानदार भला माणूस. त्यानं अर्ध्या गुजरातीत आणि अर्ध्या मराठीत सगळं समजावलं, की हा फास्ट, हा टिकाऊ, हा तापत नाही. साडू ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांचा अंगठा झाकणावर गेला. स्वस्त लॅपटॉपवर बारीकशी रेघ उमटली आणि खालचं काळं प्लास्टिक दिसलं. "हा आतून कच्चा," साडू म्हणाले. महागाचं झाकण धातूचं, त्यावर नख नुसतंच सरकलं. दुकानदार काउंटरवरून जवळजवळ बाहेर आला. "काका, आ चिकू नथी! नख ना मारो!" पण साडू वेगळ्याच पेचात पडले होते. घरी येताना रिक्षात मला म्हणाले, "मास्तर, नख लागत नाही म्हणजे माल पक्का म्हणायचा की अजून कच्चा? कच्च्या चिकूलाही नख लागत नाही सहजी." मी शाळामास्तर, तीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण या प्रश्नापुढे मी हात टेकले.

त्यानंतर साडूंनी जी चौकशी मांडली तिच्यापुढे एखाद्या आयोगानं मान खाली घालावी. एक जाड वही केली. तीन दरपत्रकं डहाणू रोडची, तीन हद्दीपलीकडे वापीची आणि तीन मुंबईची. मुंबईलाही मला सोबत नेलं, कारण चकचकीत दुकानात एकट्यानं नख लावायला त्यांना संकोच वाटत होता. तलासरीच्या नाक्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो म्हणाला स्वस्तच घ्या, बिघडेल तेव्हा बघू. भाच्याला विचारलं, तो इंजिनियर. तो म्हणाला महागच घ्या, बिघडणारच नाही. एकदा वरोरला मासळी आणायला गेले तर तिथल्या ओळखीच्या कोळ्याला त्यांनी किनाऱ्यावरच गाठलं. त्याच्या होडीवर मासे कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र होतं. ते महागाचं का घेतलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दर्यात दुकान नाय, भाऊ. घ्याचा तं चांगलाच घ्याचा." साडू या वाक्यानं इतके भारावले की आठ दिवस महाग लॅपटॉप घेतल्यातच जमा होता. नवव्या दिवशी त्यांना आठवलं की मुंबईत दुकानं पुष्कळ आहेत.

या सगळ्यात नेमका प्रश्न एकाच माणसानं विचारला. लखमीबाई म्हणून एक बाई हंगामात चिकू काढायला येत. साडू टोपलीपाशी उभे राहून त्यांनाही महाग आणि स्वस्त यांतला फरक समजावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातला चिकू पेंढ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "पन पोरीला कवा पायजे?" साडू म्हणाले, "तो वेगळा मुद्दा आहे." आणि वहीत बघू लागले.

पोरीला तो २०१५ मध्ये पाहिजे होता. तेव्हा साडूंचं जवळजवळ ठरलं, तर ते मॉडेलच बंद झालं. नवीन मॉडेल आलं म्हणजे नवीन दरपत्रकं. ती जमेपर्यंत नोटाबंदी आली, मग भाव उतरतील म्हणून थांबणं आलं. मग जीएसटी येणार म्हणून थांबणं, आणि आल्यावर त्याची घडी बसेपर्यंत थांबणं. मनू कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावून काम करायची, शनिवार-रविवार खोलीतल्या मैत्रिणीचा लॅपटॉप मागून घ्यायची. कधी तक्रार केली नाही. सुटीत आली की बापाच्या वहीवरून नजर फिरवून हसायची. "बाबा, यात एक कॉलम राहिला," असं म्हणून एकदा तिनं शेवटी एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'तारीख'. साडूंनी तो कॉलम अगदी नीट आखला, पण त्यात काही भरलं नाही.

मी मात्र या सगळ्यावर खूप मजा मारली, हे कबूल करायला हवं. कुठलंही लग्न, कुठलीही बारशाची पंगत असो, 'साडूंचा लॅपटॉप' हा माझा ठेवणीतला किस्सा. दुकानदाराचं "आ चिकू नथी" मी इतकं हुबेहूब करायचो की लोक परत परत करायला लावत. २०१६ च्या दिवाळीत मनू आमच्याकडे फराळाला आली होती. मी शाळेची ऑनलाइन माहिती भरायला एक लॅपटॉप घेतला होता, दहा मिनिटांत, बरा वाटला तो. पुढे शाळेलाच कॉम्प्युटर मिळाले आणि माझा लॅपटॉप कपाटात साड्यांच्या खाली जाऊन बसला. मनू चकली मोडत मला म्हणाली, "काका, तुमचा लॅपटॉप वापरात नसेल तर थोडे दिवस मिळेल का?" भोवती माणसं होती, मी रंगात आलो होतो. म्हटलं, "अगं, तुझ्या बाबांचा तुलनात्मक तक्ता पुरा होऊ दे, नाहीतर त्यांच्या संशोधनाचा अपमान होईल!" सगळे खो खो हसले. मनूही हसली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही तो विषय तिथेच विसरलो.

२०१९ मध्ये तिचं शेवटचं वर्ष होतं. त्यात थिसिस म्हणून एक मोठं काम असतं, सगळ्या पाच वर्षांचं सार. तिनं विषय घेतला होता आपल्याच बाजूच्या पाड्यांवरची घरं: कुडाच्या भिंती तशाच ठेवून त्यांत उजेड आणि वारा कसा वाढवता येईल. पण शेवटच्या दोन महिन्यांत मैत्रिणीचा लॅपटॉप मैत्रिणीलाच लागणार, हे उघड होतं. लॅबमध्ये सगळ्या वर्गाची झुंबड. मनूनं निम्मी ड्रॉइंग्ज हातानं काढली, अतिशय सुंदर काढली, मी पाहिलीत ती. पण काम वेळेत पुरं झालं नाही, आणि अपुरं काम कॉलेजनं घेतलं नाही. थिसिस राहिला. पदवी राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा देता येईल म्हणाले, पण मनू सामान बांधून सरावलीला परत आली आणि पालघरला एका बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढायला लागली.

ती घरी आली त्याच आठवड्यात साडूंनी लॅपटॉप आणला. महागाचाच. कुणालाही न विचारता, दरपत्रक न मागवता, नख न लावता. मीही त्या संध्याकाळी तिथे होतो. साडूंनी खोकं तिच्यापुढे ठेवलं आणि बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून, साहेबापुढे उभं राहावं तसे. मनूनं तो उघडला, चालू केला, पाड्यांच्या घरांचं एक मोठं ड्रॉइंग त्यावर उघडून बघितलं. क्षणात उघडलं. ती बराच वेळ ते वरखाली करत राहिली. साडूंनी घसा खाकरून विचारलं, "कसा आहे?"

"चांगला आहे, बाबा," ती म्हणाली. "खरंच चांगला आहे. जास्तीचे पैसे याचेच."

साडूंचा चेहरा किंचित उजळला. तेवढ्यात तिनं झाकण अलगद मिटलं आणि रागानं नाही, अगदी हळू आवाजात म्हणाली, "पण तुम्ही हा झाडावर पिकवलात."

चिकूच्या वाडीत वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. चिकू झाडावर पिकू देत नाहीत. तयार झाला की काढायचा आणि पेंढ्यात घालून घरात पिकवायचा. झाडावर पिकण्याची वाट बघत बसलं तर तो वटवाघळांचा. हे मनूला साडूंनीच शिकवलेलं, ती फ्रॉक घालून टोपलीपाशी बसायची तेव्हा. साडू वहाणा घालून मागच्या दारानं वाडीत गेले. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी एखादा विनोद करून वेळ मारून नेईन अशी तिची अपेक्षा असावी, पण मला आमच्या कपाटातला लॅपटॉप आठवत होता. साडूंनी निदान पाच वर्षं मुलीसाठी सर्वांत चांगलं काय, याचा विचार करण्यात घालवली. मी त्या पाच वर्षांत काय केलं? किस्सा सांगितला. घरी आल्यावर मी साड्या उचलून तो लॅपटॉप बाहेर काढला. तो चालूच झाला नाही.

त्या दिवसापासून मी तो किस्सा सांगत नाही. कुणी आग्रह केला तर विषय बदलतो. मनू तो लॅपटॉप वापरते, पालघरला घेऊन जाते, घेऊन येते. थिसिसचं विचारलं तर "बघू, काका," एवढंच म्हणते. साडूंची वही माळ्यावर गेली, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्यांनी अंगठ्याचं नख कापून टाकलंय.

यंदा हंगामात ते नेहमीप्रमाणे आमच्याकडे चिकूची टोपली घेऊन आले. नेहमीपेक्षा पंधरा दिवस आधी. टोपली खाली ठेवून म्हणाले, "जरा लवकरच काढलेत, मास्तर. उगाच उशीर नको." आम्ही ते पेंढ्यात घालून ठेवले. आठवडा गेला, दोन आठवडे गेले, चिकू दगडासारखेच राहिले. मग सुरकुतले, पण पिकले नाहीत. बायको आणि मी, दोघांनी मिळून ते तसेच चिरून खाल्ले. जिभेला चीक चिकटत होता, टाळू आवळून येत होती. फोनवर साडूंनी विचारलं, "कसे निघाले?"

"साखर, भाऊ," मी म्हटलं. "अगदी वेळेवर काढलेत."