गढूळ चहाची ट्रीटमेंट

“हे गढूळ का आहे?”

हा प्रश्न ऐकला की मी आधी टाक्यांकडे धावतो. महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी ईटीपी सांभाळतो. ईटीपी म्हणजे कारखान्याचं घाण पाणी साफ करून बाहेर सोडायचा प्लांट. पाणी गढूळ दिसलं की पहिला फोन मला. पण आमचे प्लांट मॅनेजर देशमुखसाहेब आता जे उजेडासमोर धरून बघत होते, तो चहाचा कप होता.

दुसऱ्या दिवशी जपानी ऑडिटर येणार होते, माझाच ईटीपी तपासायला. पास झाला तर मोठी ऑर्डर. नापास झाला तर ऑर्डर गुजरातला आणि मी घरी, असं साहेबांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. पाहुण्यांना खूश करायला त्यांनी ऑनलाइन जपानी ग्रीन टी मागवला आणि करायचं काम माझ्या गळ्यात मारलं. का, तर थर्मामीटर माझ्याकडे असतो!

पाकिटावरचं जपानी मोबाइलवरून वाचलं. ‘जास्त वाफवलेला’ असा हा प्रकार. जपानी लोक चहाची पानं तोडली की वाफवतात, म्हणून ती हिरवी राहतात. ही नेहमीपेक्षा जास्त वेळ वाफवलेली, त्यामुळे मऊ पडून त्यांचा भुगा होतो. उकळायचं नाही. सत्तर अंशांचं पाणी ओतायचं आणि अर्ध्या मिनिटात कपात. मी तंतोतंत तसंच केलं होतं. मला चवही आवडली, गोडसर, मुगाच्या कढणासारखी दाट.

कँटीनच्या सुलभाताईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “दूध नाय, साखर नाय. पाल्याचं पानी हाय ह्ये.”

“अहो, पाणी साफ करता येतं का ते बघायला माणूस जपानहून येतोय,” साहेब मला म्हणाले. “त्याच्या हातात हा कप द्यायचा? काहीतरी करा.”

“तुरटी फिरवू?” सुलभाताईंनी विचारलं. “पावसात सावित्री नदीचं पानी आलं की आमी तेच करतो.”

तुरटीला मी नाही म्हटलं, एवढी अक्कल शाबूत होती. मग लॅबमधून कोरे फिल्टर पेपर मागवले.

सकाळी चहा तीनदा गाळला. काय सांगू, इतकं नितळ पाणी माझ्या ईटीपीतून कधी निघालं नव्हतं. कपाचा तळ स्वच्छ दिसत होता. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

ऑडिटर वयस्कर, गंभीर गृहस्थ. पाकीट बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्याच गावाकडचा चहा निघाला. मग त्यांनी घोट घेतला. कपात बघितलं. पुन्हा घोट घेतला.

“चहा कुठे आहे?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की माझा हिशेब तिथेच चुकता झाला.

“गाळला,” मी म्हणालो. “तीनदा.”

“का?”

“गढूळ होता, सर.”

त्यांनी डोळे मिटले. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत की काय! ते हसत होते. “तो भुगा म्हणजेच तर चहा,” ते डोळे पुसत म्हणाले. “चला, आता तुमचं पाणी दाखवा.”

पाणी मात्र त्यांनी कडक तपासलं. टाक्यांवर चढले, सॅम्पल स्वतः भरलं. ईटीपी पास झाला. जीव भांड्यात पडला. रिपोर्टमध्ये शेरा एकच होता: ‘चहाला जरुरीपेक्षा जास्त ट्रीटमेंट. सुधारणा करून फोटो पाठवावा.’

शेरा म्हणजे शेरा. साहेबांनी तो भलताच मनावर घेतला. मी नव्यानं चहा केला, न गाळता. फोटो काढताना साहेब कपावर वाकून म्हणाले, “अजून थोडा गढूळ दिसला पाहिजे हो.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मंजूर. माझ्या अख्ख्या नोकरीत गढूळ सॅम्पल पास झालेलं हे एकच. ट्रीटमेंट सुरू करण्याआधी आलंय ते पाणी आहे की चहा, एवढं आता मी विचारून घेतो.