भाजली म्हणून काय, तंबाखूच ती

"शालनताई, रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी लगेच सोपं केलं. "गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. पण अगदी पहिल्या पायरीवर सापडलाय."

मला रडू नंतर आलं, आधी राग आला. आमच्या गल्लीतले लोक दिवसभर गुटखा खाऊन भिंती रंगवतात, त्यांना काही नाही आणि मला? म्हटलं, "मॅडम, मी उभ्या जन्मात तंबाखू खाल्ली नाही. देवाशप्पथ!"

ही शपथ मी आधीच्या महिन्यातही घेतली होती. मी चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते, राहायला चिखलीत. कंपनीत सरकारी दवाखान्याची तपासणी आली होती. तिशीच्या पुढच्या सगळ्यांनी तोंड तपासून घ्यायचं, बायकांनी स्तन आणि गर्भाशयाचं तोंडही. मला काही होत नव्हतं. तिखट खाल्लं की डावा गाल चुरचुरायचा, एवढंच. मी गेले ती पोळपाटापासून तासभर सुटका म्हणून.

तेव्हा याच बाईंनी विचारलं, "तंबाखू खाता?" मी म्हटलं, "छे! देवाशप्पथ नाही!" त्यांनी बॅटरी मारून गालाच्या आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. हिरडीच्या कडेला पांढरा चट्टा होता. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, म्हणजे पुसून न जाणारा पांढरा डाग. तो प्रत्येक वेळी कॅन्सर नसतो, पण होऊ शकतो. माझ्या डागाच्या मधोमध थोडं लाल झालं होतं, म्हणून बायोप्सी केली. बायोप्सी म्हणजे डागाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. टोचतं, पण सहन होतं.

रिपोर्टच्या दिवशी त्यांनी वेगळंच विचारलं. "दात कशानं घासता?"

"मिशरीनं."

त्यांनी हातातला रिपोर्ट टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "शालनताई, मिशरी कशापासून करतात?"

आता हे काय विचारणं झालं! तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची आणि चुरायची. घरभर ठसका लागतो. साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा दाढ दुखायची, तर सासूबाईंनी लावायला दिली. तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी मी आणि माझी जाऊ दारात बसून लावायचो. ती लावल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही. मी म्हटलं, "अहो, भाजल्यावर तिच्यात राहतंय काय? सगळी ताकद जळून जाते."

"काही जळत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती तंबाखूच."

मी खोटं बोलले नव्हते हो. आमच्याकडे तंबाखू पुरुष खातात, बायका दात घासतात. घरात कुणी याला व्यसन म्हटलंच नव्हतं.

पुढं मोठ्या हॉस्पिटलात गेलो. सर्जननी चिमूटभर आशा आणि डोंगरभर भीती एकदमच दिली. "गालाचा भाग काढू, मानेतल्या गाठीही काढू. हाडाला लागलं असेल तर जबड्याचा तुकडाही काढावा लागेल. ते ऑपरेशनच्या वेळीच पक्कं कळेल." म्हणजे जबडा राहणार की जाणार, हे शुद्धीवर येईपर्यंत मला कळणार नव्हतं. बाकड्यावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचा अर्धा जबडा नव्हता. त्या माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसल्या. मला हसता आलं नाही.

शुद्धीवर आले तर नाकात नळी आणि बोलायची बंदी. आमचे हे कंपनीतून रिटायर झालेले, आयुष्यभर माझ्या बडबडीला वैतागलेले. म्हणाले, "अगं, हाड वाचलं. आणि आता जरा घरात शांतता लाभेल." एवढं बोलून त्यांनी माझ्या पांघरुणातच तोंड खुपसलं आणि ढसाढसा रडले.

मग मार्जिनच्या रिपोर्टची वाट. काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर उरला नाही ना, ते त्यात बघतात. कडा स्वच्छ निघाल्या, गाठीही. रेडिएशन लागलं नाही. "तुम्ही वर्षभर उशीर केला असता तर मी वेगळं बोलत असतो," सर्जन म्हणाले. सगळं सरकारी योजनेतून झालं. मी कुणाकुणाला हात जोडू? सर्जनना जोडले, वॉर्डातल्या सिस्टरना जोडले. पण सगळ्यात आधी त्या बॅटरीवाल्या बाईंना.

मिशरी सोडताना फार जड गेलं, लपवत नाही. डोकं ठणकायचं, पोट फुगायचं, सगळ्यांवर खेकसायचे. ऑपरेशननंतर तोंड आखडलंय, ते उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायचा व्यायाम करते. एकेक काडी वाढवत जायची. जाऊबाईंनीही मिशरी सोडली, माझ्याहून जास्त कुरकुर करत.

यंदा तपासणी पुन्हा कंपनीत आली. बाईंनी मला शेजारी उभं केलं. "तंबाखू कोण खातं?" म्हणून विचारलं, तर एकही हात वर नाही. मी म्हटलं, "मॅडम, थांबा. बायांनो, मिशरी कोण लावतं?" आधी खुसुखुसु हसल्या. मग एक हात, मग दुसरा, मग अर्धी लाइन. "मी तर फक्त रात्री लावते हं, ताई!" "माझी तर आईच देते पाठवून!" बाईंनी तिथंच सांगितलं की यापुढं प्रत्येक कंपनीत हेच विचारायचं. मिशरी, तपकीर, नावं घेऊन.

तुम्हालाही तेच सांगते. आरशासमोर उभं राहून गाल ओढून आत बघा. पांढरं, लाल, न भरणारं काही दिसलं तर लाजू नका, जा.

त्या दिवशी पॅकिंगमधल्या एका पोरीच्या गालात डाग निघाला. नुसता डाग, कॅन्सर नाही. तिनं मिशरी सोडली, डाग फिका पडतोय. दुपारी ती माझ्यासमोर डबा उघडून कचाकचा काकडी खाते. मला काकडी अजून चाववत नाही, बहुतेक कधी चाववणारही नाही. मी माझा मऊ भात पुढ्यात घेते आणि तिचा तो आवाज ऐकत जेवते.