सगळं ठीक असलेली वस्ती

"ताई, माझी बायको माझ्याशी गोड बोलली. बोट पाठवा."

हेल्पलाइनवर असा फोन आल्यावर पहिल्यांदा मला चेष्टाच वाटली. शिरूर अनंतपाळच्या एका शाळेत आमचं पुराच्या मदतीचं केंद्र होतं. वर्गात बिस्किटांचे खोके, ताडपत्र्या, पाण्याचे जार, आणि मधल्या बाकावर दोन मोबाइल घेऊन मी. मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेची मी स्वयंसेविका. पगार नाही, जॅकेट आहे.

"कोण बोलताय?"

"बालाजी. मिलिट्रीत हाय. बॉर्डरवरून बोलतोय, कुठून ते विचारू नका. ताई, माझी बायको फोन उचलला की भांडण काढती. गॅस संपला, पोरगं ऐकत न्हाई, तुमचे आबा पथ्य पाळत न्हाईत. आज म्हणती, सगळं ठीक हाय, तुम्ही जेवलात का? मी जेवलो का हे तिनं लग्न झाल्यापासून कधी विचारलं न्हाई."

"आणि आबा काय म्हणाले?"

"तेबी म्हणाले, सगळं ठीक. म्हणून तर भ्या वाटायलंय."

मी त्याच्या वस्तीचं नाव लिहून घेतलं आणि स्क्रीनवर नकाशा उघडला. वस्ती ओढ्यापलीकडे, नदीच्या अंगाला. आणि रंग होता हिरवा.

हे रंगांचं प्रकरण सांगायला हवं. पूर आला की लगेच सगळीकडे पोचता येत नाही. मग गावोगाव फोन करायचे, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि नकाशावर गावाला रंग द्यायचा. याला आम्ही रॅपिड असेसमेंट म्हणतो. लाल म्हणजे माणसं अडकली आहेत, बोट पाठवा. पिवळं म्हणजे अन्नपाणी पाठवा. हिरवं म्हणजे काही नाही, पुढचा फोन लावा. या वस्तीत नांदेडच्या ऑफिसातून आमच्याच कुणीतरी चार घरी फोन केले होते. चारही घरांनी सांगितलं, सगळं ठीक आहे. झालं हिरवं.

त्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी मिलिट्रीत आहे. अशा गावांबद्दल आपल्याकडे सगळ्यांना फार प्रेम. छातीवर हात ठेवून स्टेटस ठेवतात, चौकात बॅनर लावतात, त्या बॅनरवर जवानापेक्षा नेत्याचा फोटो मोठा. पण ओढ्यापलीकडे त्यांच्या बायका कशा आहेत, हे विचारायला एक फोन पुरतो असं आपलं मत. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते, चिडायची मला सवय आहे. त्या दिवशी मात्र मी चिडले ते आमच्याच नकाशावर.

बालाजीच्या बायकोला फोन लावला. तिचं नाव शीतल.

"सगळं ठीक हाय ताई."

"पाणी कुठवर आलंय?"

"पाणी हाय की थोडं. कमी व्हायलंय."

एक शेळी अगदी फोनपाशी ओरडली. कुणीतरी म्हणालं, तिला कडेला सोडू नका गं, खाली पडंल. घरात बसलेली शेळी खाली कुठे पडणार?

"शीतलताई, तुम्ही स्लॅबवर आहात का?"

ती एकदम हळू आवाजात, "ह्यांनी फोन केलता का तुम्हाला?"

"हो."

"त्यांला सांगणार न्हाई ना? माझी शपथ घ्या."

मी घेतली. त्या क्षणी दुसरं काय करणार होते? आणि मग ती भडाभडा बोलायला लागली. खालची घरं पाण्यात होती. वस्तीतले सगळे दोन स्लॅबवर चढून बसले होते. आणि तिचे सासरे, म्हणजे बालाजीचे आबा, ज्यांना ती मामा म्हणते, डायलिसिसवर. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीनमधून गाळून घ्यावं लागतं, ते डायलिसिस. ठरलेल्या वारी लातूरला जावंच लागतं. नाही गेलं तर अंगात पाणी साठतं आणि माणसाला श्वास घेता येत नाही. रस्ता पाण्याखाली गेल्यामुळे त्यांची पाळी चुकली होती.

"पाय सुजलेत. आडवं झालं की धाप लागायली. उशाला टेकून बसवलंय."

"अहो मग सकाळी आमच्या माणसांनी विचारलं तेव्हा ठीक का म्हणालात?"

"मामांनीच सांगितलंय सगळ्यांला. कोणाचाबी फोन येऊ द्या, ठीक म्हणायचं. गावभर कळलं की बॉर्डरवरच्या पोरांला कळतं."

मी नांदेडला फोन लावला. आमच्या कोऑर्डिनेटर मॅडम, सगळ्या बोटी त्यांच्या हातात.

"मॅडम, मला बोट पाहिजे. ओढ्यापलीकडच्या वस्तीला."

"ते हिरवं आहे."

"लाल करा."

"कशावरून?"

"तिथल्या एका जवानाशी बायको गोड बोलली त्यावरून."

"मुक्ता, मी इथे कशात आहे तुला माहितीये? लाल गावातले लोक दर पाच मिनिटांनी फोन करून मला शिव्या देतायत."

"तेच सांगतेय मॅडम. शिव्या देणाऱ्यांना बोट आणि तोंड दाबून बसलेल्यांना हिरवा रंग. ही कुठली पद्धत? एक डायलिसिसचा पेशंट आहे, सुनेनं आत्ता सांगितलं. गेला तर आपल्या नकाशावर तो ठीक असतानाच जाईल."

त्या म्हणाल्या, "हे आधी सांगायचं. गंगाधरची बोट घे. आणि भाषण नंतर दे."

गंगाधरभाऊ मूळचे इस्लापूरचे. भोई घरातले, पैनगंगेत वाढलेले. आमची रबरी बोट तेच चालवायचे. मी लाइफ जॅकेट चढवून समोर बसले. पाणी दुधाच्या चहासारखं, त्यात कडब्याच्या पेंढ्या, एक प्लास्टिकची खुर्ची, कुणाच्या तरी दाराची चौकट. बोट विजेच्या तारेखालून गेली तेव्हा दोघांनी डोकी खाली घातली. खोटं कशाला बोलू, मला जाम मजा येत होती. पत्रकं वाटताना असं कधी होत नाही. पत्रक हातात पडलं की माणूस त्याची सुरळी करतो. इथे प्रत्येक मिनिटाला काहीतरी घडत होतं आणि मी त्यात होते, चक्क उभी राहून.

"ताई, बसून घ्या ना," गंगाधरभाऊ म्हणाले. "उभं राहून काय बघून राहिले? तुम्हीच पडले त मला पहिले तुम्हाला काढा लागते."

स्लॅब दिसला आणि मी थक्क झाले. ही अडकलेली माणसं वाटतच नव्हती, छावणी वाटत होती. एका कोपऱ्यात लेकुरवाळ्या, एका कोपऱ्यात जनावरं. पाण्याच्या घागरी ओळीत, त्यांच्यापाशी एक बाई पहाऱ्याला. आणि मधोमध बाजेवर, गोधडीला टेकून बसलेला एक उंच म्हातारा. पाय केळीच्या खुंटासारखे सुजलेले. रिटायर्ड हवालदार ग्यानोबा.

"किती माणसं बसत्यात?" त्यांनी गंगाधरभाऊंना विचारलं. प्रत्येक शब्दानंतर श्वास.

"सहा."

"पहिली खेप लेकुरवाळ्या. मग म्हाताऱ्या बाया. मग बाकीचे. मी शेवटी."

"काका, तुम्ही पहिल्या खेपेत," मी म्हणाले.

"पोरी, तू कोण?"

"संस्थेकडून आलेय."

"मग संस्थेसारखी बस."

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "काका, एक खेप जाऊन यायला खूप वेळ लागतो. सगळ्या खेपा होईपर्यंत तुम्ही टिकणार नाही. इथे बाकी सगळे धडधाकट आहेत. तुम्ही नाही. आणि तुम्ही सगळ्यांना ठीक म्हणायला लावलंत म्हणून तुमचं गाव आमच्याकडे हिरवं झालं."

"हिरवं म्हंजे?"

"म्हणजे बोट मिळत नाही."

"मग तुमचा रंग चुकला. आमचं बोलणं न्हाई चुकलं." त्यांनी दम घेतला. "इथल्या पोरांच्या हातात बंदुका हायत. तिथं त्यांचं ध्यान घरात गेलं तर काय हुईल, तुला काय माहीत? मी माझ्या बापाची मयत तिसऱ्या दिवशी ऐकली. घरच्यांनी बरोबर केलं."

या माणसाचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता. शीतल माझ्यामागे उभी होती. ती पुटपुटली, "ते न्हाई ऐकणार. डॉक्टरचं बी ऐकत न्हाईत."

मी उठले, स्लॅबच्या कडेला गेले. तिथे नेटवर्कची एक काडी येत होती. शीतलला दिलेला शब्द मोडला आणि बालाजीला फोन लावला. घर पाण्यात, माणसं स्लॅबवर, सगळे सुखरूप, आबांची तब्येत वाईट, आबा बोटीत बसत नाहीत. एका दमात सांगितलं.

तो म्हणाला, "स्पीकरवर टाका. आवाज मोठा करा. आबांच्या समोर धरा."

मी धरला.

"हवालदार ग्यानोबा!"

फोनमधून आलेला आवाज मघाच्या बालाजीचा नव्हताच. बाजेवरचा म्हातारा ताठ झाला. टेकलेली पाठ गोधडीपासून सुटली.

"नायब सुभेदार बोल रहा हूँ. पहली बोट में आप जाएँगे. ये हुकुम है. कोई शक?"

इथे जरा थांबून सांगते. मिलिट्रीत हवालदाराच्या वर नायब सुभेदार. तिथून पुढे माणसाला साहेब म्हणतात. बाप हवालदार म्हणून रिटायर झाला होता. पोरगा त्याच्या वर गेला होता. घरात आबा आणि बाळ्या, पण हुद्द्यानं बाळ्या साहेब.

म्हाताऱ्याचा हात कपाळापर्यंत गेला. "नहीं साहब."

"जय हिंद," फोन म्हणाला आणि बंद झाला.

घागरींपाशी पहाऱ्याला बसलेली बाई पदर तोंडावर धरून हसायला लागली, आणि सगळ्याच हसल्या. दोघीतिघी हसता हसता रडत होत्या.

गंगाधरभाऊंनी आणि मी बाज दोन्हीकडून उचलून त्यांना बोटीत घेतलं. सोबत दोन लेकुरवाळ्या आणि त्यांची पोरं. बोट सुटल्यावर हवालदार म्हणाले, "सुट्टीवर येऊ दे त्याला. घरात हुकूम कोणाचा चालतो ते दाखवतो."

काठाला रस्ता खचलेला, ॲम्ब्युलन्स पुढे येईना. तिथल्या एकाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाज ठेवली आणि डांबरी रस्त्यापर्यंत नेली. तिथून लातूर. अंधार पडायच्या आत ते मशीनला लागले. छातीत पाणी भरायला लागलं होतं, सकाळपर्यंत थांबले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. गंगाधरभाऊंनी बाकीच्या खेपा केल्या. शेवटच्या खेपेत शीतल आणि शेळी.

शीतल चहाचा कप हातात घेऊन शाळेच्या पायरीवर बसली. मला बघून म्हणाली, "शपथ घेतली होती तुम्ही."

"मोडली."

"तुम्ही सांगितलं तवा रडले का ते?"

"नाही. हुकूम द्यायला सरळ स्पीकर मागितला."

तिनं चहा संपवला. "आता मी बी लावते फोन, त्या साहेबाला जरा बोलायचंय," ती म्हणाली, आणि फोन लावून असं भांडली की वर्गातल्या बायका बाहेर आल्या.

रात्री मॅडमनी नांदेडला नकाशा उघडला आणि मला फोन केला. मिलिट्रीवाली आणखी गावं हिरवी होती, काही लातूरकडची, काही किनवटकडची. त्या म्हणाल्या, परत फोन लाव, पण तू काय विचारणार? हे पुन्हा ठीकच म्हणणार. मी म्हणाले, त्यांना त्यांचं विचारायचंच नाही.

सकाळी पहिला फोन लावला. एका बाईनं उचलला.

"आमच्याकडं सगळं ठीक हाय."

"तुमचं राहू द्या ताई. शेजारी कसं आहे?"

"शेजारी व्हय?" बाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

दुपारपर्यंत तीन हिरवी गावं लाल झाली. आमच्या असेसमेंटमध्ये आता तो प्रश्न पहिला असतो. मिलिट्रीवाल्याच्या घरी फोन लावला तर त्या घराची चौकशी करू नये. ती शेजारणीकडे करावी.