भिंतीवरचा बिबट्या

पहाटे धुकं असलं की पाटाकडची आमच्या सोसायटीची भिंत अर्धीच दिसते. वरची कड तेवढी तरंगत असते, खाली काहीच नसतं. त्या भिंतीवर मी एकदा बिबट्या बसवला.

गेल्या थंडीत नाशिकमध्ये रोज कुठे ना कुठे बिबट्या दिसल्याच्या बातम्या होत्या. एका संध्याकाळी मी भिंतीचा फोटो काढला आणि मोबाइलमधल्या एआयला त्यावर बिबट्या बसवायला सांगितलं. तो आला. शेपटी खाली सोडून, आमच्या घरात कोण काय करतंय ते बघत असल्यासारखा. इतका देखणा होता की मलाच तो खोटा वाटेना. शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'नवीन वॉचमन'. सकाळी तो सोसायटीच्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आला. माझे शब्द वाटेत गळले होते, त्यांच्या जागी लाल बाण आणि 'सावधान'.

हा खोटा आहे, असं तेव्हाच लिहायला हवं होतं. मी फोन उलटा ठेवला.

मग वनखात्याचा पिंजरा आला, आत एक शेळी. महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहणारे एक साहेब पिंजऱ्याशेजारी हात जोडून उभे राहिले, आणि चौकात त्यांचा फलक लागला: 'पाठपुराव्याला यश'. मी हसलो. बायकोही हसली, पण तिला खरं कारण माहीत नव्हतं.

माझं हसू थांबलं ते पूजेला बसल्यावर. तबकात फुलं नव्हती. पाटापलीकडच्या मळ्यातून एक मावशी रोज उजाडायच्या आत यायच्या आणि तगर, जास्वंद, दूर्वांची पिशवी दाराच्या कडीला अडकवून जायच्या. आठवडा झाला, कडी रिकामीच होती.

रविवारी मळ्यात गेलो. तगरीखाली फुलांचा सडा पडलेला, कुणी वेचलाच नव्हता. मावशी ओट्यावर बसून होत्या.

"मावशी, येत नाही तुम्ही?"

"बिबट्या हाय ना तुमच्या भिंतीवर. लेक सोडत नाय. घरात बसून लय कंटाळा आला बघा."

"तो खोटा आहे. मी केला, मोबाइलवर."

"काय बोलता भाऊ! माझ्या दिरानं डोळ्यांनी पाह्यला. वासराएवढा!"

मी देवाची शपथ घेतली.

"कशापायी केला?"

मी वाकून तगरीखालची फुलं वेचू लागलो.

त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं कबूल केलं. 'काका, कुठल्या पार्टीने लिहून घेतलं हे?' एकाने विचारलं. दोघांनी अंगठ्याचे इमोजी टाकले. त्यानंतर सगळे पाण्याच्या टँकरबद्दल बोलू लागले.

आता पहाटे मीच मळ्यात जातो आणि मावशींबरोबर पाटाच्या कडेने परत येतो. फुलांची पिशवी माझ्या हातात असते. पाण्यावरून धुकं सरकत असतं, आमची पावलं दुसऱ्याच कुणाची असावीत तशी ऐकू येतात. भिंत आली की मावशी थांबतात. तिथे काही नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी कडेवर शेपटी सोडून काहीतरी बसलंय असं वाटतं आणि माझेही पाय थबकतात.

"व्हा पुढं," मावशी मागून म्हणतात. "तुमचाच हाय तो. तुम्हाला ओळखंल."

मी पुढे होतो.