जीपला घातलेली प्रदक्षिणा

जीपच्या इंजिनाला देवधर्म कळत नाही, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही अख्ख्या गावासमोर.

आधी गावाची रीत सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई जीपमध्ये शिरलीच कशाला. आमचं गाव कडेगावच्या बाजूला. घरटी ऊस आणि एका घराआड एक फौजी. पोरगा सर्व्हिस संपवून कायमचा परत आला की गाव त्याला वेशीवर गाठतं, हार घालतं, उघड्या गाडीत उभं करतं आणि हलगी वाजवत घरापर्यंत आणतं. गाडी कुणाची, हा प्रश्न दिसायला साधा. पण त्यावरून आमच्याकडे सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली आहेत.

माझा सुनील वीस वर्षांनी सुटून येणार होता. तो यायच्या पंधरा दिवस आधी थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, येऊन पायरीवर बसल्या. त्यांच्या मुलानं नवी मोटार घेतलीय. पांढरी, ट्रकाएवढी, आणि वरचं छप्पर बटण दाबलं की मागं सरकतं.

"सुनीलला आमच्याच गाडीत हुबा करू," आक्का म्हणाल्या. "छताला भोक हाय. तुमची जीप आता कुठली चालायला?"

मला डोळ्यांपुढे दिसलं. माझा पोरगा मोटारीच्या छतातून डोकं काढून बघतोय, म्हशीनं गव्हाणीवरून बघावं तसा. आणि पुढची वीस वर्षं आक्का प्रत्येक बारशाला सांगतायत, 'सुनील आमच्याच गाडीतनं आला, हं.'

"न्हाई आक्का," मी म्हणाले, "सुनील आज्याच्या जीपमधनंच येनार."

म्हणून टाकलं. मग गोठ्यामागं जाऊन जीप आहे का ते बघितलं.

होती. सासऱ्यांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली पेट्रोलची जीप. पुढच्या सीटवर वैरण, मागच्या सीटवर कोंबडी बसलेली. कोंबडीला उठवायला अर्धा तास गेला (ती अंड्यावर होती, तिचंही बरोबर होतं). सुनीलच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आबांनी, बॅटरी जोडली, मोटारसायकलमधलं पेट्रोल काढून ओतलं नि चावी मारली. जीप एकदा शिंकली आणि गप्प झाली.

इस्लामपूरचे युनूसभाई शेजारी ट्रॅक्टर दुरुस्त करायला आले होते, त्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं नि मान हलवली. डॉक्टर हलवतात तशी.

"काकी, डिस्ट्रिब्युटर गेलाय."

"ते काय असतंय?"

"चार प्लग हायत बगा. त्यांना पाळीपाळीनं करंट वाटतो त्यो."

"म्हंजे पंगतीतला वाढपी."

युनूसभाईंनी पान्हा खाली ठेवला. "व्हय, तसंच. वाढपी बिघडला की एकाच्या पानात दोनदा जिलबी आन दुसरा उपाशी."

नवा डिस्ट्रिब्युटर आमच्या भागात मिळत नव्हता, बाहेरून मागवावा लागणार होता. किंमत ऐकून आबा जीपकडे न बघता गोठ्याकडे बघू लागले.

"एवढ्यात म्हस यील," ते म्हणाले.

"म्हशीत सुनील हुबा करायचा का?" मी विचारलं.

"मग काय करायचं?"

"मी करते."

आता हसू नका. माझं शिवणयंत्र मी तीसदा उघडून जोडलंय. मिक्सर दोनदा. पंखा एकदाच, पण तो अजून फिरतोय (आवाज करतो, पण फिरतोय). शिवाय फोनवर डिस्ट्रिब्युटरचे सात व्हिडिओ बघितले. एक कानडीत होता, तो सगळ्यात चांगला कळला, कारण त्यातला माणूस कमी बोलत होता.

सुनील फौजेत गाड्यांचाच मिस्त्री. "आई, ह्यांनाच फोन करून इचारूया की," सूनबाई दोनदा म्हणाली. मी तिला दोनदा गप्प केलं. म्हटलं, पोरगं वीस वर्षं सरकारच्या गाड्यांखाली झोपलं, आता स्वतःच्या मिरवणुकीची गाडीसुद्धा त्यानंच सांगायची? शिवाय मला त्याला चकित करायचं होतं. ते मात्र झालं.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. आत मुंग्यांनी घर केलेलं. मुंग्या झटकल्या, करंट जोडणारे-तोडणारे दोन जळलेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. दोन पॉइंटांमध्ये किती फट ठेवायची त्याचं माप असतं, लोखंडी पात्याचं. ते आमच्याकडे कुठून असणार? आबा म्हणाले, "लग्नपत्रिका घालून बघ." ह्या माणसाला जन्मात सुचलेली ही एकमेव चांगली गोष्ट. मग आम्ही ट्रंक उघडून पत्रिका काढल्या. भाऊबंदांच्या पत्रिका इतक्या पातळ की फुंकर मारली तर उडाव्यात. एका पुढाऱ्याच्या मुलीची पत्रिका पाटाएवढी जाड, ती आतच जाईना. शेवटी सुनीलच्याच लग्नाची पत्रिका बरोबर बसली. मी म्हटलं, बघा, आपण कधी उधळपट्टी केली नाही आणि कधी चिंगूसपणाही नाही.

टोपीला बारीक चीर होती. एका व्हिडिओत सांगितलं होतं की चिरीवर नखांचं पॉलिश लावा, करंट बाहेर पळत नाही. सूनबाईची बाटली घेतली. सगळी संपली. जीपच्या त्या काळ्या टोपीवर लालभडक रेघ उमटली, आणि सूनबाई नवऱ्याच्या स्वागताला बिनारंगाच्या नखांनी गेली. तेव्हापासून तिची नवी बाटली कपाटात कुलपात असते.

इथपर्यंत सगळं नीट होतं. इथं मी थांबायला हवं होतं.

पण टोपीतून प्लगांकडे जाणाऱ्या चार वायरी इतक्या तेलकट होत्या की मला बघवेनात. मी त्या उपसल्या, साबणाच्या पाण्यात घातल्या, घासल्या आणि दोरीवर वाळत टाकल्या, आबांच्या बनियनशेजारी. वाळल्यावर स्वच्छ चार वायरी हातात आल्या आणि लक्षात आलं की कुठली कुठं होती ते काही मी लिहून ठेवलेलं नाही.

युनूसभाईंना फोन लावला.

"सोपं हाय काकी. एक, तीन, चार, दोन. ह्या नंबरच्या प्लगांना ह्या क्रमानं टोपीवर गोल लावत जावा. पर आदी आतला रोटर, म्हंजे वाढप्याचा हात, कुठल्या बाजूनं फिरतोय ते..."

"कळलं, कळलं," म्हणत मी फोन ठेवला. (भाजी करपत होती. दुसरं काही नाही.)

मी वायरी लावायला घेतल्या. एक, तीन, चार, दोन.

"कुठल्या बाजूनं गोल?" आबा म्हणाले.

"कुठल्या बाजूनं म्हंजे?"

"उजवीकडनं का डावीकडनं?"

"आवं, उलटी प्रदक्षिणा कोन घालतं का?"

आबांनी पुढची वायर माझ्या हातात दिली. आरती त्या बाजूनं, जातं त्या बाजूनं, घड्याळ त्या बाजूनं, मग जीप कोण लागून गेली? मी चारही वायरी प्रदक्षिणेनं लावल्या, वर हळदकुंकू वाहिलं आणि आबांना म्हटलं, मारा चावी.

जीप सुरू झाली! आबांनी माझ्याकडे असं बघितलं की लग्नाच्या सत्तेचाळीस वर्षांत तसं बघितल्याचं आठवत नाही. जीप मात्र सगळ्या अंगानं हलत होती, आरसा गळून पडला.

"थरथरतीया," आबा म्हणाले.

"लय दिसांनी उठलीया. तुमी सकाळी उठल्यावर काय येगळं करता?"

पेट्रोल वाया नको म्हणून लगेच बंद केली. तिला चालवून बघायचं ते मिरवणुकीतच, असं ठरलं. माझंच ठरलं.

मिरवणुकीच्या दिवशी जीप शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढत वेशीवर नेली. तिथं सगळं गाव. माजी सैनिक पदकं लावून एका रांगेत उभे. सुनील वर्दीत, गळ्यात सात-आठ हार. त्याला जीपमध्ये उभा केला. त्याची मान उंच झाली, माझी त्याहून. आबांनी चावी मारली. इंजिनाचा आवाज ऐकून सुनीलनं झटक्यानं माझ्याकडे बघितलं. मी हसले. तोही हसला आणि पुढं बघू लागला. चांगल्या वळणाचा आहे.

दहा पावलं गेलो आणि सायलेन्सरमधून 'ठो'.

लोकांना वाटलं फटाका, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा 'ठो'. हलगीवाल्यानं आपली हलगी फाटली का ते उलटी करून बघितली. तिसऱ्या 'ठो'ला सलाम करत उभे असलेले माजी सैनिक एका झटक्यात खाली बसले. त्यांच्यातले सत्तरीचे एक सुभेदार तर भिंतीआड गेले, आणि तिथून पुढं बराच वेळ आलेच नाहीत. जीप दोन हात पुढं, एक हात मागं करत चौकात पोचली आणि तिथं आचके देत बंद पडली. काळा धूर. धुरात माझा मुलगा उभा, हारांसकट.

धुरातून आक्कांचा गोड आवाज आला. "आमची गाडी आनू का गं? दारातच हाय."

मी नको म्हणायच्या आत आक्कांचा मुलगा मोटार आणायला पळालाही. आता दोन मिनिटांत सुनील छताच्या भोकात जाणार. मला रडूच यायला लागलं.

सुनील वरूनच हळू आवाजात म्हणाला, "वायरा कुनी लावल्या?"

आबांनी बोट माझ्याकडे केलं. लगेच. जरासुद्धा विचार न करता.

"मीच रं," मी म्हणाले.

"कुठल्या बाजूनं लावल्यास?"

"प्रदक्षिणेनं."

"आई, ह्या इंजिनाचा रोटर उलटा फिरतोय. दोन नि तीनची अदलाबदल झालीया तुझी."

तो खाली उतरला. गळ्यातले हार काढले, ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या गळ्यात घातले, बाह्या वर केल्या नि कमरेपर्यंत बॉनेटमध्ये शिरला. आरतीची ताटं घेऊन थांबलेल्या बायकांना काय करावं कळेना. निरांजनं विझायला लागली, तेव्हा त्यांनी त्याची जी बाजू समोर होती तिलाच ओवाळून घेतलं. फोटोवाल्यानं तेवढाच एक फोटो नीट काढलाय.

आक्कांची मोटार हॉर्न वाजवत चौकात आली आणि त्याच वेळी जीप सुरू झाली. अंड्यावरच्या कोंबडीसारखी नुसती कुरकुरत. मी आक्कांकडे बघणार नव्हते, पण बघितलं.

"आबा, तुमी सरका," सुनील म्हणाला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. पुन्हा कुणाच्या हातात द्यायला तो तयार नव्हता. आता मागची उभं राहायची जागा रिकामी. रिकामी जीप मिरवायची कशी? हार तर माझ्याच गळ्यात होते. चार जणांनी धरून मला वर चढवलं, हलगी सुरू झाली आणि माझी मिरवणूक निघाली.

मी एका हातानं पुढची सीट धरली आणि दुसरा वर केला. करावा लागतो. खालच्या आळीला एक परगावचा म्हातारा फौजी उभा होता. त्यानं मला बघून टाच जुळवून कडक सॅल्यूट ठोकला नि आदरानं विचारलं, "किती वर्सं सर्व्हिस झाली, बाई?"

"सत्तेचाळीस," मी म्हणाले. "पेन्शन न्हाई. आन हे हार गाडी बिघडवल्याबद्दल हायत."